नमुन्याचा जावई

कार्तिक शु. ६, शके १८६५. बाजारहत्नूर.

काकांनी मला गाडीतून उतरवलं, वळकटी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता बैल वळवले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्धव, आता हेच तुह्यं घर. इंद्रवेल्लीले येजो, पण पाहुणा म्हणून येजो." त्यांचं किराण्याचं दुकान त्यांच्या दोन मुलांनाच पुरत नाही, हे मला कळतं. आईबाप गेल्यावर चौदा वर्षं त्यांनी सांभाळलं, हेही कळतं. तरी गाडी नाल्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

ठरलंय ते असं. अमृतराव माळी यांना मुलगा नाही. एकच मुलगी, मनकर्णा, विशीतली. लहानपणी तिचं लग्न झालं होतं, ते मोडलं. फारकत होऊन तीन वर्षं झाली. आता पाट लावायचा. पण अमृतराव म्हणतात, एकदा न पाहता दिली, आता पाहिल्याशिवाय देणार नाही. म्हणून मी दिवाळी ते दिवाळी त्यांच्याकडे राहायचं, मळ्यात राबायचं, सगळ्यांसोबत जेवायचं. ती घरात झोपेल, मी विहिरीजवळच्या खोपीत. वर्षानं जातीतले चार लोक बसतील. पोरीचं मन बसलं असेल तर पाट लागेल, नाही तर मी माझ्या वाटेनं. ती वाट कुठली, ते कुणी सांगितलेलं नाही.

काका म्हणाले होते, "बैल घ्याच्या आधी चार दिवस औताले लावून पाह्यतेत, तसं हाय हे."

ही वही काकूनं निघताना दिली. मी निजाम सरकारच्या उर्दू मदरशात पाच इयत्ता शिकलो, मराठी घरीच. घासलेट मिळत नाही, म्हणून दुपारी बैल सोडल्यावर लिहीन.

कार्तिक शु. ९.

मोटेचा नाडा धरून तळहात सोलले. अमृतराव बोलत नाहीत, नुसते बघतात. काय पारखतात कळलं तर तेवढं तरी नीट करीन.

मनकर्णा उंच आहे, सावळी, कामाला वाघीण. पण गर्व फार. आज वांगी तोडताना मी तिच्या डावीकडच्या ओळीत होतो. दोनदा म्हणालो, "पाटी दे." मान खाली घालून तोडत राहिली. पलीकडून तिच्या आईनं, भागाबाईंनी, हळूच "मनकर्णे" म्हटलं तर लगेच वळली. म्हणजे ऐकू येतं. माझं ऐकायचं नाही, एवढंच.

कार्तिक व. ३.

परवा माझ्या वरणात मीठच नव्हतं. काल दुप्पट. आज भाकरी एका बाजूनं कोळसा. अमृतरावांच्या ताटात सगळं ठीक होतं, मी पाहिलं. ती चौकटीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी मुकाट खाल्लं. करतो काय? दुसऱ्याच्या घरात ताट सरकवून उठायला आधी स्वतःचं घर लागतं.

मार्गशीर्ष शु. ५.

गावात माझं नाव पडलंय: नमुन्याचा जावई. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या मांडून बसलो होतो, एक जण म्हणाला, "काय हो, नमुना पसंत पडला का?" सगळे हसले. मनकर्णा शेजारीच होती. ती म्हणाली, "आतावरी त मोलकरी म्हणून बरा हाय." त्यांच्यासमोर. माझे कान तापले. तिनं मान वळवली आणि पुन्हा तसंच पाहिलं, भांडं आचेवर ठेवून उकळी कधी येते ते बघावं तसं.

परत येताना नाल्यापाशी वाटलं, असंच चालत इंद्रवेल्लीला जावं. जंगलातून एक दिवसाची वाट. मग काकूचा चेहरा आठवला. तिनं माझं अंथरूण टाकायची जागा धाकट्या मुलाला दिली असेल आतापर्यंत.

पौष शु. ११.

अमृतरावांनी आज लुगड्यात गुंडाळलेला एक कागद काढला. फारकतनामा. उर्दूत आहे, तीन वर्षं घरात पडून आहे आणि या घरात तो कुणाला वाचता येत नाही.

"पाट लावाले काही अडचण नाई ना, पाह्य बरं," ते म्हणाले.

मी वाचून सांगितलं, फारकत पक्की आहे, दोघंही मोकळे.

"आनखी काय हाय? ओळी त गंज दिसून राह्यल्या."

मी पुढं वाचलं. लिहिलं होतं, बाई सांगितलेलं ऐकत नाही, तोंडाळ आहे, तापट आहे, नवऱ्याचा काही दोष नाही, आणि हे बाईच्या बापाला मान्य आहे. खाली अंगठा.

अमृतराव किती तरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. "मले त म्हणे, पोरगी मोकळी झाली असं लिवलं हाय. म्या अंगठा देल्ला." एवढं बोलून कागद घडी करायला लागले, पण घडी जमेना. आत जातं फिरत होतं, ते थांबलं.

मला वाईट वाटलं. पण रात्रीपर्यंत एक विचार सुटला नाही: सरकारी कागदावर उगाच कसं लिहितील? काहीतरी असेलच.

माघ व. २.

आज लाज वाटली. भागाबाईंकडे तक्रार केली की तुमची मुलगी माझ्या हाकेला ओ देत नाही. त्यांनी विचारलं, "कोन्या बाजूनं हाक मारतं तू?"

मला कळेना.

"तिचा डावा कान गेला हाय, बापा. तिच्या पह्यल्या नवऱ्यानं, फकिरानं, मारलं होतं. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून. पंधरा दिवस पू वाहात होता. तरी आमी तिले परत पाठवलं. एकदा नाई, दोनदा." मग लुगड्याच्या पदरानं हातातलं विळ्याचं पातं पुसत बसल्या, ते स्वच्छच होतं.

आता मी तिच्या उजवीकडून जातो. आज "पाटी दे" म्हटलं तर तिनं दिली. एवढं साधं होतं.

तिचा कान मिठावरून गेला आणि ती माझ्याच जेवणात मीठ चुकवते! बाईमाणसाचा विसरभोळेपणा म्हणावा की काय.

फाल्गुन शु. ८.

इच्चोड्याच्या बाजारात टमाटे घेऊन गेलो होतो. एक माणूस आपणहून जवळ आला, बिडी दिली, म्हणाला, "मी फकिरा. तुमी माह्या जागेवर आले न?" मी गडबडलो. मी त्याला राक्षस समजत होतो. हा हसरा, मवाळ बोलणारा, धोतर स्वच्छ. गोऱ्हा विकायला आणला होता.

म्हणाला, "भाऊ, मी हात उचलणारा मानूस नव्हतो. गावात कोणालेही इचारा. तिनंच करवलं. ते डोळे लावून उभी राह्यते ना, तसं पाह्यलं की मानसाचं डोस्कं फिरते. सांभाळून राहा."

त्या नजरेबद्दल तो बोलला ते मात्र खरं. मला ओळखीचं वाटलं. त्याची नवी बायको गाडीत बसली होती, तोंडावर पदर. एवढ्या वेळात तिनं एकदाही मान वर केली नाही. वळणाची दिसली.

घरी कुणाला सांगितलं नाही.

चैत्र शु. ४, शके १८६६.

पाडव्यापासून घरात बरं वाटतं. मोटेचा एक बैल लंगडत होता. खुरात काटा मोडला होता. तो लाथा झाडी, एक लाथ माझ्या मांडीवर बसली, तरी मी न मारता तासभर त्याच्याशी बोलत काटा काढला. मनकर्णा हळद-तेल घेऊन आली. मांडी चोळत मी उठलो तर ती हसली. आवाज करून हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "लागलं का तुले?" आणि माझं उत्तर यायच्या आत पळाली.

दुपारी खोपीत पडलो होतो. मायलेकी बाहेर सांबाराच्या जुड्या निवडत होत्या. मनकर्णा म्हणाली, "आई, याले राग येते. पण गिळते."

भागाबाई म्हणाल्या, "पाच मैने झाले. आता पुरे कर."

"आनखी थोडे दिवस."

मला ते लागलं. राग गिळतो म्हणजे काय, मी काय नामर्द आहे? आणि पुरे काय करायचं, तेही कळलं नाही. पण आजच्या वरणात मीठ अगदी बरोबर होतं.

वैशाख शु. १३.

उन्हानं डोकं फुटतं. विहिरीला पाणी नाही. पहाटेपासून मोट धरली तर मोटेखालचं थारोळं कसंबसं भरतं. मिरची माना टाकतेय. काल बाजारात कुणीतरी पुन्हा "नमुना" म्हणालं. काकांच्या मोठ्या मुलाचं लग्न झाल्याचं परभारे कळलं. मला बोलावणं नाही. पाहुणा म्हणूनसुद्धा नाही.

वैशाख व. ५.

काल हात उचलला गेला.

जसं झालं तसं लिहितो. सकाळभर मोट हाकून जेमतेम मिरचीपुरतं पाणी काढलं होतं. ती दांडावर पाणी वळवत होती. पहिला वाफा भरला तरी तिनं दुसरीकडे वळवलं नाही. पाणी फुटून तिच्या पाठीमागून पडीत जमिनीत चाललं. मी मोटेच्या धावेवरून ओरडलो, पाणी वळव. ती वाकलेली तशीच. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा. मग बैल सोडून खाली उतरलो आणि ती उठून वळते तोच मारली. उजव्या हातानं. तिच्या डाव्या बाजूला.

मी तिच्या डावीकडून ओरडत होतो. मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी डोक्यात नुसतं पाणी होतं, वाया चाललेलं.

ती ओरडली नाही. खाली बसली, मग उठली, फावड्यानं दांड बांधला आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात घेतलं. अमृतराव आणि भागाबाई गावात गेले होते. कुणी पाहिलं नाही.

मी हात उचलणारा माणूस नाही. सहा महिने गिळलंच ना सगळं? मीठ, करपलेल्या भाकऱ्या, मोलकरी. एखाद्याला किती ताणायचं? तिनंच करवलं.

वैशाख व. ७.

दोन दिवस वाट पाहिली, अमृतराव बोलावतील आणि वळकटी बाहेर फेकतील म्हणून. काही नाही. तिनं सांगितलंच नाही. डाव्या बाजूनं पदर पुढं ओढून घेतला आहे, एवढंच.

ज्येष्ठ शु. १०.

देवाची कृपा म्हणायची. त्या दिवसापासून घर बदललं. जेवण वेळेवर, मीठ बरोबर, माझं धोतर धुऊन घडी करून ठेवलेलं. ती आता मला "तुमी" म्हणते. बाजारात कुणी नमुना म्हटलं तर खाली बघते, माझ्या तोंडाकडे नाही. ते बघणं पार गेलं.

वाईट झालं ते झालं. पण त्यातून गाडी रुळावर आली असं मनात येतं. हे कुणाला सांगू नये, म्हणून इथं लिहितो.

श्रावण व. १.

अमृतरावांचा खोकला वाढला आहे. मोट, बाजार, खुरपण सगळं माझ्याकडे. आज त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माह्या जिवाले आता घोर नाई. तुह्यासारखं पोरगं भेटलं," म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊ शकलो नाही. थकलेले आहेत, त्यांना वाटलं, पोरगा लाजला.

भाद्रपद शु. १२.

जातीचे मुख्य उत्तमराव येऊन गेले. दिवाळीनंतर पंचमीला बसायचं ठरलं. मनकर्णानं त्यांना पाणी दिलं, माझ्यासाठी न सांगता बसायला पाट मांडला. उत्तमराव म्हणाले, "जोडा जमला की!" ती हो म्हणाली. हसली नाही, पण हो म्हणाली.

मग मला आनंद का होत नाही? इथं आलो तेव्हा घर नाही म्हणून अडकल्यासारखं वाटायचं. आता घर समोर आहे, दार उघडं आहे आणि आत पाऊल टाकायची भीती वाटते.

आश्विन शु. ३.

सकाळी शिंक्यावरचं लोणी हवं होतं. ती चुलीपाशी बसली होती. मी तिच्या डोक्यावरून शिंक्याकडे हात वर केला.

तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला चिकटून गोळा झाली. पिठाची परात उलटली. मी हात वर तसाच घेऊन उभा. मग तिला शिंकं दिसलं. उठली, पीठ गोळा केलं आणि म्हणाली, "वाढू का तुमाले?"

मी न जेवता खोपीत आलो. वहीची मागची पानं उलटली. वैशाखातलं पान वाचलं. फाल्गुनातलं वाचलं. दोन माणसांचं एकच वाक्य. एक बिडी ओढत बोलला, दुसऱ्यानं वहीत लिहिलं.

आता कळलं मीठ का चुकायचं. विसरभोळेपणा नव्हता. ती बघत होती, मीठ चुकलं तर या माणसाचा हात कुठं जातो. सहा महिने बघितलं. मोलकरी म्हणून बघितलं. हळूहळू तिची खात्री होत आली होती, त्या दिवशी ती हसलीसुद्धा. आणि मग तिनं जे मुळीच केलं नव्हतं, जे तिच्या कानामुळं झालं, त्याच्यासाठी मी मारलं.

मला वाटत होतं माझी पारख तिचा बाप करतोय.

आश्विन शु. ९.

सहा दिवस धीर झाला नाही. आज कापूस वेचायला शेजारच्या वावरात गेलो होतो, दोघंच. तिच्या उजवीकडे, चार हात दूर उभा राहिलो. विचारलं, "तू घरी काऊन सांगितलं नाई?"

ती वेचत राहिली.

"सांगून? तुमाले हाकललं असतं. मग बाबानं दुसरा आणला असता. पुन्हा एक वरीस. पुन्हा मीठ कमी, मीठ जास्त, पुन्हा त्याच्या हाताकडं पाहात बसा." ओटीतला कापूस दाबून बसवला. "मले आता पाह्याचा कंटाळा आला."

"मग तू हो म्हणशील?"

"बाबा किती दिवसाचे हायत, तुमाले दिसत नाई का? ते गेल्यावर मळ्यात दोन बायका. तुमी एकदाच मारलं. आनि मारून भ्याले. फकिरा भेत नव्हता." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढा फरक मले पुरते."

एवढा फरक पुरतो. हे शब्द डोक्यातून जात नाहीत. मला हवी तशी बायको, मळा, घर, सगळं मिळालं आहे. तिला मी यासाठी मिळालो की तिच्याजवळ पाहायचं बळ उरलं नाही.

आश्विन व. ११.

पळून जावं का? तिला पुन्हा एक वर्ष. सांगून टाकावं का? मला हाकलतील, तिला पुन्हा एक वर्ष. गप्प राहावं? मग तिला जन्मभर. कुठूनही चाललो तरी त्याच विहिरीला फेरा पडतो.

कार्तिक शु. ५, शके १८६६.

आज बैठक झाली. घाई नको, सगळं लिहितो.

ओट्यावर उत्तमराव, आणखी चार म्हातारे, अमृतराव घोंगडीत, इंद्रवेल्लीहून काका. काकांनी नवं उपरणं आणलं होतं माझ्यासाठी. बायका दाराआड. उत्तमराव म्हणाले, वर्ष नीट गेलं, पोरगा कामाचा आहे, पोरीला विचारून तिथी काढू.

मी उभा राहिलो. म्हणालो, "वैशाखात म्या मनकर्णेले मारलं. तिची काही चूक नव्हती."

मग काका हसले. "अरे, एक थापड! म्या त तुह्या काकीले..." आणि सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "अठी बसलेल्यात कोणाचा हात उठला नाई, त्यानं वर करावा." पुन्हा हसले. उत्तमराव म्हणाले, "पोरगं खरं बोललं. असा मानूस मिळते का आजकाल? म्या त म्हणतो, आता तिथी काढाच."

मी वर्षाचा फास तोडायला उठलो होतो. त्यांनी त्याचा हार करून माझ्या गळ्यात घातला.

फक्त अमृतराव हसले नाहीत. "कवा म्हणला?"

"वैशाखात."

"सा मैने माह्या ताटाशेजारी जेवला तू." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे थांबले. मला वाटलं, आता म्हणतील निघ. पण ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ठीक हाय. लावा पाट. माह्यात आता दुसरं पाह्याची ताकद नाई."

तेव्हा मनकर्णा बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. पुरुषांच्या बैठकीत आली म्हणून उत्तमराव काही बोलणार होते, तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"तुले सुटाचं होतं, म्हणून बोलला तू. माह्यासाठी नाई."

मी नाही म्हणणार होतो. ओट्यावर उभा राहिलो तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी तिच्यासाठी बोलतोय. पण काकांचं हसू ऐकल्यावर जे वाईट वाटलं, ते तिच्यासाठी नव्हतं. इथून जायचं राहिलं म्हणून होतं.

"हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जशी बरोबर वजनाला हलवतात. मग म्हाताऱ्यांकडे वळली. "पाट नाई लावाचा. आनखी एक वरीस."

एकदम गलका झाला. उत्तमराव म्हणाले, "पोरी, असं कुठी असते का?"

"पह्यलं वरीस तरी कुठी असते? माह्या बापानं ठेवलं तवा तुमी हो म्हणले. आता बाप नाई ठेवून राह्यला, मी ठेवून राह्यली. मले वाटंल त्या दिवशी जाय म्हणीन, त्या दिवशी त्यानं जाचं. मळा बाबा माह्या नावानं लिवून देतीन, तहसिलात जाऊन. कागद मराठीत पाह्यजे. आनि वाचून दाखवल्याबिगर कोणी अंगठा देणार नाई."

भागाबाई दारात आल्या होत्या. त्या रडत होत्या, पण मुलीला आत ओढलं नाही.

अमृतराव घोंगडी सावरत उठले. भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पोरगी म्हणते तसं," म्हणाले.

काका लाल झाले होते. उपरणं खांद्यावर टाकून त्यांनी माझं मनगट धरलं. "चाल घरी. बाईच्या हाताखाली नमुना म्हणून राह्यतं का आता? दुकानात जागा करतो. चाल." वर्षभर ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आज आला. चाल. गाडी जुंपलेलीच होती.

मी गेलो नाही. का नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. भीती नव्हती, प्रेम म्हणावं तर ते तोंडातून काढायचा मला हक्क नाही. काकांनी हात सोडला, थुंकले आणि गेले. मनकर्णा तोवर आत निघून गेली होती. मी राहतो की जातो, हे बघायला ती थांबली नाही.

कार्तिक शु. ८.

खोपीतच आहे. जेवण भागाबाई आणून देतात. तीन दिवसांत मनकर्णा एकदाही बोलली नव्हती.

आज कांद्याचं रोप लावायला काढलं. दुपारी ती बांधावर पाणी प्यायला बसली. मी दूर उभं राहून विचारलं, "वरीसभरानं काय म्हणशील?"

"मले काय ठाऊक?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुले ठाऊक हाय का, तू काय करशील थे?"

पुन्हा मारणार नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. फकिरानंही म्हटलं असेल, दोनदा ती परत गेली तेव्हा, दोन्ही वेळा, आणि खरं वाटून म्हटलं असेल. तोंड मिटलं.

"नाई," मी म्हणालो. "ठाऊक नाई."

तिनं तांब्या पालथा घातला. "रोप सुकून राह्यलं," म्हणाली, आणि उठून पुढच्या वाफ्याकडे चालू लागली.